चौमुखी ध्वनी आणि प्रोग्रेसिव्ह रॉक : एका अर्धवट राहिलेल्या प्रयोगाचा आढावा

इंग्लंडात १९६७ पासून पुढील दहा वर्षांत प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाचा जो संगीतप्रकार बहरास आला, त्यातील काही निवडक कृती दोन स्पीकरांऐवजी चार स्पीकरांसाठी स्वतंत्रपणे मिसळून, ऐकणाऱ्याच्या समोरून तसाच पाठीमागूनही नाद उमटावा अशा तजविजीने, त्याच परिचित बारा इंची एलपी तबकडीच्या खाचेत कोरल्या गेल्या आणि सामान्यतः १९७१ ते १९७७ या अवधीत बाजारातही विकल्या गेल्या. क्वाड्रफोनिक हे त्या पद्धतीचे नाव. तिचा इतिहास बहुधा एका व्यापारी अपयशाची हकिकत म्हणून सांगितला जातो, आणि व्यापाराच्या खतावणीपुरते पाहिले तर तो निवाडा रास्तही आहे. परंतु ही पद्धत संगीताला खरोखर काही देत होती काय, जे ती देऊ पाहत होती ते तबकडीच्या खाचेला पेलणारे होते काय, आणि आज पन्नास वर्षांनंतर त्या तबकड्या मुद्दाम मिळवून चार स्पीकरांवर ऐकण्यात काही स्वारस्य आहे काय, हे सर्व प्रश्न एकमेकांत गुंतून पडल्यामुळे या विषयावरील चर्चा पुष्कळदा भरकटते. म्हणून ते शक्य तितके सोडवून पाहावेत असा या लेखाचा हेतू आहे. माझे मत प्रारंभीच नमूद करतो. एखाद्या प्राचीन ग्रंथाच्या दोन पोथ्यांत पाठभेद आढळावेत आणि अभ्यासकाने दोन्ही पाठ तितक्याच आदराने समोर ठेवावेत, तशा या चौमार्गी मिश्रणांकडे त्या कृतींचे स्वतंत्र पाठ म्हणून पाहिले पाहिजे. त्या पाठांना जे वैगुण्य चिकटले ते बहुतांशी लेखनसाहित्याचे, म्हणजे खाचेचे आणि सुईचे होते.

श्रोत्याला नादाने चहूकडून वेढावे ही कल्पना विद्युद्युगाच्या कितीतरी आधीची आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये सोळाव्या शतकात गायकवृंद विभागून निरनिराळ्या जागी बसवण्याची वहिवाट होती. बर्लिओझने १८३७ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या आपल्या रेक्विएममध्ये पितळी वाद्यांचे चार ताफे चार बाजूंना योजले. स्टॉकहाउझेनने १९६० च्या ‘कोंटाक्टे’ या कृतीसाठी फिरत्या मेजावर स्पीकर ठेवून त्याभोवती चार मायक्रोफोन मांडले आणि नादाचे भ्रमण हेच रचनेचे एक अंग बनवले. रॉक संगीतात या विचाराचा प्रवेश होण्याची तारीख नेमकी सांगता येते. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइडने ‘गेम्स फॉर मे’ हा कार्यक्रम सादर केला, त्या वेळी ॲबी रोड स्टुडिओतील तंत्रज्ञ बर्नार्ड स्पाइट यांनी घडवलेली ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाची एक पेटी रिचर्ड राइट यांच्या हाताशी होती. पेटीवरील दांडा जिकडे वळवावा तिकडे सभागृहातील नाद वळत असे. ती पेटी कार्यक्रमानंतर चोरीस गेली. पुढे १९६९ मध्ये तशीच दुसरी करण्यात आली व ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रही जाऊन पोहोचली. म्हणजे चार दिशांचा हा हव्यास तबकडीच्या व्यापाऱ्यांनी संगीतकारांवर लादलेला नव्हता. संगीतकार तो आधीच बाळगून होते. व्यापार मागाहून आला.

हा हव्यास याच संगीताला का जडावा, याला सबळ कारणे आहेत. तीन मिनिटांच्या गाण्यात आवाजाची जागा बदलणे हा क्षणभराचा चमत्कार ठरतो. परंतु तबकडीची संपूर्ण बाजू व्यापणाऱ्या, वीस-पंचवीस मिनिटांच्या, विलंबित उलगडणाऱ्या रचनेत अवकाश हे एक सामग्रीद्रव्य होऊ शकते, कारण तेथे श्रोता स्वस्थ बसलेला असतो, त्याची अपेक्षा संथ असते आणि एखादा सूर डाव्या खांद्यामागून निघून समोर येईपर्यंत वाट पाहण्यास त्याचे मन राजी असते. शिवाय या संगीताची घडणच थरांची होती. सोळा मार्गांच्या फितीवर ऑर्गनचे दोन थर, गिटारीचे तीन, मेलोट्रॉनचा एक, गायनाचे अनेक असे लेपामागून लेप चढवले जात आणि शेवटी ते सारे दोन स्पीकरांमधल्या अरुंद पट्टीत कोंबावे लागत. देवळाच्या सभामंडपात आरती चालू असता घंटा डोक्यावर, झांजा उजवीकडे, टाळ्या पाठीमागे आणि पुजाऱ्याचा आवाज गाभाऱ्यातून येतो, तेव्हा त्या कल्लोळातही प्रत्येक नाद आपल्याला निराळा ओळखता येतो. तोच कल्लोळ एका खिडकीतून ऐकला तर त्याचा नुसता गलका होतो. चौमार्गी मिश्रणाचा पहिला आणि सर्वांत टिकाऊ लाभ हाच आहे. नाद गरगर फिरवण्याचे कौतुक लवकर ओसरते. दाट विणीतील धागे सुटे ऐकू येण्याचे समाधान ओसरत नाही.

आता खाचेकडे वळू. स्टिरिओ तबकडीच्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेला दोन भिंती असतात, डाव्या मार्गाची एक आणि उजव्याची एक. सुईचे टोक त्या दोन्ही भिंतींची हालचाल एकाच वेळी वाचते. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली ज्या पेटंटाचा अर्ज केला त्यात हा विचार मांडलेला होता, आणि १९५८ च्या सुमारास तो घरोघरच्या यंत्रांत उतरला. दोन भिंतींच्या खाचेत चार मार्ग कसे मावावेत, या कोड्याची उत्तरे दोन प्रकारची निघाली. एका पक्षाने चार मार्ग एकमेकांत अशा गणिताने विरघळवले की ते दोन मार्गांत मावावेत आणि घरच्या यंत्राने त्यांचा पुन्हा निवाडा करावा. यास मॅट्रिक्स पद्धत आणि निवाडा करणाऱ्या त्या यंत्राला डिकोडर म्हणतात. दुसऱ्या पक्षाने चारही मार्ग सुटेच ठेवून, माणसाच्या श्रवणमर्यादेच्या वरच्या कंपनांच्या आश्रयाने ते खाचेत कोरले.

मॅट्रिक्सच्या पक्षात पीटर शायबर हे आद्य संशोधक. पुढे सीबीएस प्रयोगशाळेतील बेंजामिन बाउअर यांची एसक्यू आणि सान्सुई कंपनीची क्यूएस अशा दोन पद्धती प्रबळ ठरल्या. एसक्यूमध्ये पाठीमागचे दोन मार्ग कलांतराच्या, म्हणजे तरंगांच्या चढउतारातील चतुर्थांश चक्राच्या फरकाच्या खुणेने पुढच्या मार्गांत मिसळलेले असत. त्यामुळे समोरील डावे-उजवे निखळ राहत, मागील डावे-उजवेही आपापसांत निखळ राहत. परंतु साध्या डिकोडरावर पुढचा आणि मागचा यांच्यात केवळ ३ डेसिबलचे अंतर उरे. ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. पाठीमागे वाजणाऱ्या वाद्याची निम्मी शक्ती समोरही पाझरत असेल, तर कानाला दिशेची ग्वाही मिळणार कशी? क्यूएसने ही तूट चारही बाजूंना समान वाटली: लगतच्या प्रत्येक जोडीत ३ डेसिबल, तिरप्या जोड्यांत पूर्ण विलगता. मग या उणिवेवर ‘लॉजिक’ नावाचा इलाज काढण्यात आला. जो मार्ग त्या क्षणी प्रबळ असेल तो ओळखून विद्युत्मंडल त्याला वर उचली आणि इतरांना दाबी. सान्सुईच्या व्हेरिओ-मॅट्रिक्सने हे काम नेटके केले. एसक्यूच्या बाबतीत मात्र खरोखर समाधानकारक डिकोडर, टेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिपांवर बेतलेला जिम फॉसगेट यांचा, १९८० च्या सुमारास आला, तोपर्यंत दुकानांतील एसक्यू तबकड्यांची मांडणी उठून गेली होती.

लॉजिकच्या या स्वभावातून माझ्या दृष्टीने महत्त्वाचा एक निष्कर्ष निघतो, तो असा की मॅट्रिक्स तबकडी सर्व प्रकारच्या संगीताला सारखीच मानवत नाही. जेथे वीण विरळ आहे, एक गिटार बोलते, मग ऑर्गन उत्तर देतो, मध्ये शांततेची जागा आहे, तेथे प्रबळ मार्ग कोणता याबद्दल यंत्राला संशय उरत नाही आणि दिशा स्पष्ट उमटतात. उलट जेथे सारेच एकदम पूर्ण बळाने वाजतात तेथे यंत्राचा निर्णय क्षणोक्षणी डळमळतो, नादाची भिंत श्वास घेतल्यासारखी मागेपुढे होते, आणि कान थकतो. पिंक फ्लॉइडचे विस्तीर्ण, मोकळे संगीत ईएमआयने एसक्यूमध्ये काढले हा निव्वळ करारमदारांचा भाग होता, पण योग सुदैवाचा ठरला.

सुट्या मार्गांच्या पक्षाची तबकडी म्हणजे जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७१ मध्ये पुढे आणलेली सीडी-४. तिची युक्ती मनोहर आहे. खाचेच्या प्रत्येक भिंतीवर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात त्या बाजूच्या पुढच्या व मागच्या मार्गांची बेरीज कोरायची, आणि त्यांची वजाबाकी ३०,००० हर्ट्झच्या वाहक तरंगावर चढवून, साधारण १८,००० ते ४५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची. घरच्या यंत्राने बेरजेत वजाबाकी मिळवली की पुढचा मार्ग निघतो, बेरजेतून वजाबाकी वजा केली की मागचा. साध्या स्टिरिओ यंत्रावर तीच तबकडी लावली तर बेरीज तेवढी ऐकू येते, म्हणजे संगीतातील काहीही हरवत नाही. गणित असे निर्दोष. पण ते पाळण्याचे काम प्लॅस्टिकच्या खाचेवर आणि हिऱ्याच्या कणावर सोपवलेले. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर या वेगाने सरकते; आत, लेबलाजवळ, हाच वेग २१ सेंटिमीटरपर्यंत उतरतो. त्या ठिकाणी ३०,००० हर्ट्झच्या एका तरंगाची लांबी केवळ ७ मायक्रॉन भरते. साधे गोल टोक इतक्या बारीक वळणात शिरूच शकत नाही. ते वरून घसरत जाते आणि जाताना ती वळणे झिजवूनही टाकते. म्हणून जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी खाचेच्या भिंतीला उभ्या रेषेत स्पर्श करणारे नवे टोक घडवले, अधिक कणखर विनाइल वापरण्यात आले, कोरण्याचे काम संथ गतीने करावे लागले, आणि कार्ट्रिजपासून निघणाऱ्या तारांची विद्युत्धारिता कमी राखण्याची अट ग्राहकावर आली. आज उत्तम स्टिरिओ श्रवणासाठी जी रेखास्पर्शी टोके वाखाणली जातात त्यांच्या वंशाचा मूळ पुरुष शिबातांचे हे टोक होय. चौमार्गी प्रयोगाचे हे ऋण त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

तथापि सीडी-४ आणि प्रोग्रेसिव्ह रॉक यांच्यात एक अंगभूत विरोध होता, आणि त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बाजूभर पसरलेल्या रचनेचा कळस स्वभावतःच तिच्या शेवटी असतो: संथ आरंभ, हळूहळू वाढत जाणारी लय, आणि अखेरीस सर्व वाद्यांचा एकत्रित उद्घोष. हा उद्घोष नेमका तेथे येतो जेथे खाचेचा वेग सर्वांत कमी, तरंग सर्वांत आखूड आणि वाहक तरंगाचा जीव सर्वांत दुबळा असतो. वाहक सुटला की तो उलगडणारे यंत्र, म्हणजे डिमॉड्युलेटर, त्या जागी खरखर ओकते. सॅंडपेपर घासल्यासारखा हा आवाज या तबकड्यांच्या अनुभवी श्रोत्यांना चांगलाच परिचित आहे. छोट्या गाण्यांच्या संग्रहात शेवटी एखादे मवाळ गीत ठेवून ही अडचण टाळता येई. महाकाव्याच्या धाटणीच्या रचनेला तशी मुभा नव्हती.

पक्षांची वाटणीही संगीताच्या गरजेनुसार न होता करारनाम्यांनुसार झाली. सीबीएस, ईएमआय आणि व्हर्जिन यांनी एसक्यू पत्करली, आरसीए, वॉर्नर गट आणि ए अँड एम यांनी सीडी-४, एबीसीने क्यूएस. परिणामी ज्याला पिंक फ्लॉइड आणि रिक वेकमन हे दोघेही चार स्पीकरांवर ऐकायचे असत, त्याला दोन निरनिराळी यंत्रे बाळगणे भाग होते.

या तबकड्यांत अग्रमान अर्थातच ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या कृतीचा. स्टिरिओ पाठ १९७३ च्या मार्चमध्ये निघाला. चौमार्गी पाठ ॲबी रोडमधील अभियंता ॲलन पार्सन्स यांनी त्यानंतर सिद्ध केला. लंडनच्या प्लॅनेटेरियममध्ये फेब्रुवारीत झालेल्या अनावरणाच्या वेळी तो तयार नव्हता, आणि कृती अशा अपुऱ्या स्वरूपात लोकांसमोर जावी हे मान्य नसल्याने रिचर्ड राइट वगळता गटातील कोणीही तेथे गेले नाही. संगीतकारांना चार दिशांचे किती अगत्य होते याचा याहून बोलका पुरावा कोणता? ‘टाइम’च्या प्रारंभीचा घड्याळांचा गजर तर मूळचाच चौमार्गी आहे: पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन क्वाड्रफोनिक ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठी ती घड्याळे एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती, आणि तेथून ती या रचनेत आली. स्टिरिओमध्ये तो गजर समोर दचकवतो. चार स्पीकरांवर श्रोता त्या दुकानाच्या मधोमध उभा असतो. ‘मनी’तील नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचे यंत्र यांचे सात मात्रांचे आवर्तन खोलीभर पावले टाकत फिरते; सात मात्रा आणि चार कोपरे यांचा मेळ बसत नसल्याने प्रत्येक फेरीला कानाची अपेक्षा किंचित हुकते, आणि तालाचा विषमपणा नुसत्या मोजणीने कळला नसता इतका अंगी भिनतो. येथे दिशा ही तालाचा अर्थ सांगते. दिग्विन्यास रचनेच्या अर्थाशी जडला म्हणजे काय घडते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. ‘विश यू वेअर हिअर’चा चौमार्गी पाठ मी त्याच्याही बरोबरीने मानतो, कारण त्यात नाद फारसा फिरत नाही, तो नुसता पसरतो, आणि लांबलचक आरंभीच्या भागात गिटारीचे चार स्वर मोकळ्या मैदानात उच्चारल्यासारखे वाटतात.

माइक ओल्डफील्डच्या ‘ट्युब्युलर बेल्स’, ‘हर्जेस्ट रिज’ आणि ‘ओमाडॉन’ या तीन कृती १९७६ च्या ‘बॉक्स्ड’ या चार तबकड्यांच्या संचात एसक्यूमध्ये एकत्र आल्या. एकाच माणसाने असंख्य थरांत वाजवलेले हे संगीत म्हणजे वर सांगितलेल्या दाट विणीचा कळसच होय. साध्या डिकोडरावर त्याचा चिखल होतो, चांगल्या डिकोडरावर अंतरंग उलगडते. त्यामुळे या संचाविषयीची मते ऐकणाऱ्याच्या यंत्रानुसार टोकाला जातात, आणि ती वाचताना हा भेद ध्यानी ठेवणे जरूर आहे.

रिक वेकमनच्या ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’चे ध्वनिमुद्रण १८ जानेवारी १९७४ रोजी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि इंग्लिश चेंबर क्वायर यांच्या साथीने, प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर झाले. वाद्यवृंद, गायकवृंद, निवेदक आणि रॉकचा ताफा अशी चार दळे असलेल्या या कृतीला चार दिशा मिळणे न्याय्यच होते; अमेरिकेत ए अँड एमने ती सीडी-४ मध्ये काढली. जेथ्रो टलच्या ‘ॲक्वालंग’ची गोष्ट निराळी. लंडनमधील बेसिंग स्ट्रीटवरील, जुन्या चर्चच्या इमारतीत नव्याने उभारलेल्या स्टुडिओत झालेल्या त्या मुद्रणाबद्दल गटाचे प्रमुख इयन अँडरसन स्वतःच असमाधानी होते, आणि तिचा स्टिरिओ पाठ कोंदट आहे ही तक्रार जुनी आहे. चौमार्गी मिश्रणात ध्वनिसामग्रीला अधिक जागा मिळाल्याने तो कोंदटपणा पुष्कळसा निवळतो. अमेरिकेतील सीबीएसने महाविष्णू ऑर्केस्ट्राचे ‘बर्ड्स ऑफ फायर’ एसक्यूमध्ये काढले. जपानमध्ये निघालेला सांतानाचा ‘लोटस’ हा तीन तबकड्यांचा संचही त्याच पद्धतीचा. हे दोन्ही गट प्रोग्रेसिव्ह रॉकच्या सीमेवरचे, पण चार दिशांच्या लाभाचे हक्कदार.

‘क्वाड्रोफिनिया’चा उल्लेख टाळता येत नाही. द हू या गटाची ही १९७३ ची दुहेरी तबकडी चार मनोवृत्तींच्या एका तरुणाची कथा सांगते, तिचे नावच चार मार्गांवरून घडवलेले, आणि पीट टाउनशेंड यांचा मानस ती चौमार्गी काढण्याचा होता. परंतु त्या वेळच्या मॅट्रिक्स पद्धतींनी मिळणारी विलगता त्यांना पसंत पडली नाही आणि कृती केवळ स्टिरिओमध्ये प्रसिद्ध झाली. ज्या कृतीला चार दिशांची सर्वांत अधिक गरज होती तिलाच खाचेने नकार दिला.

खाचेपलीकडे खोली आणि कान यांचाही हिशेब मांडावा लागतो. चौरसाच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर ही मांडणी दिसायला सुबक, पण श्रवणशास्त्राच्या दृष्टीने सदोष आहे. स्टिरिओत समोरच्या दोन स्पीकरांमध्ये श्रोत्यापाशी ६० अंशांचा कोन धरला जातो. चौरसात तो ९० अंशांचा होतो, आणि मधोमध असावयाचा गायक पातळ होतो. त्याहून कठीण प्रश्न बाजूंचा. समोरच्या दोन स्पीकरांतून सारखाच नाद आला तर तो मध्यभागी भासतो, कारण दोन कान त्या मध्याच्या दोन अंगांना असतात. परंतु डावीकडचा पुढचा आणि डावीकडचा मागचा स्पीकर यांच्यात असा आभासी मध्य नीट बनत नाही, नाद एका स्पीकरावरून दुसऱ्यावर उडी मारतो. ऑक्सफर्डचे गणितज्ञ मायकेल गर्झन यांनी या सबबीवरच चार मार्ग म्हणजे चार सुट्या जोड्या या कल्पनेवर आक्षेप घेतला आणि अँबिसॉनिक्स ही अधिक शास्त्रशुद्ध पद्धत पुढे मांडली. त्यांचा आक्षेप तत्त्वतः बिनतोड आहे. तरीही अनुभवाने असे दिसते की ज्या मिश्रणकाराने वाद्ये कोपऱ्यांत स्थिर बसवली, आणि बाजूंनी नाद सरकवण्याचा अट्टहास केला नाही, त्याच्या मिश्रणात हा दोष फारसा जाणवत नाही.

१९७४ पर्यंत परस्परविरोधी पद्धतींनी ग्राहक भांबावला होता. चार स्पीकर, दुप्पट ॲम्प्लिफायर आणि घरातल्या बैठकीची मोडतोड यांचा खर्च त्याला झेपेना. १९७३ च्या तेलसंकटाने विनाइल महागले. दशक संपण्यापूर्वी कंपन्यांनी हात आखडता घेतला. या पडझडीविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे.

आपल्याकडे हा प्रयोग पोहोचला तो अत्यंत क्षीण रूपाने. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने पिंक फ्लॉइडच्या तबकड्या येथे काढल्या, त्यामुळे मुंबई-पुण्यातील श्रोत्यांच्या एका पिढीला हे संगीत परिचयाचे झाले, पण ते स्टिरिओ पाठाने. डिकोडर, शिबाता टोक, चार मार्गांचे ॲम्प्लिफायर हा सारा सरंजाम परदेशी, आणि आयातपरवान्याच्या त्या कडक अमलात तो मागवणे सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचे. पाठीमागून येणाऱ्या ध्वनीचा अनुभव येथील बहुसंख्यांना दिला तो चित्रपटगृहाने. १९७५ चा ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर सहा मार्गांच्या ध्वनीसह चालला, तेव्हा हवेत उडालेले नाणे कोठे पडले हे प्रेक्षक कानांनी शोधत असत.

आणि चित्रपटगृहातच या प्रयोगाचे गोत्र पुढे चालले. डॉल्बी स्टिरिओने फितीच्या दोन प्रकाशमार्गांत डावा, मधला, उजवा आणि सभोवतीचा असे चार मार्ग गुंफले ते मॅट्रिक्सच्याच गणिताने. आणि ज्या फॉसगेट यांनी एसक्यूला अखेरचा चांगला डिकोडर दिला त्यांनीच पुढे डॉल्बीसाठी प्रो लॉजिक २ ही घरगुती पद्धत रचली. संगीताच्या अंगाने पुनरुज्जीवन अलीकडचे आहे. स्टीव्हन विल्सन यांनी २००९ पासून किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, येस आदींच्या मूळ फितींवरून नवी बहुमार्गी मिश्रणे सिद्ध केली, आणि जुनी चौमार्गी मिश्रणेही फितीवरून थेट प्रसिद्ध होऊ लागली: ‘ॲक्वालंग’, ‘डार्क साइड’ आणि ‘विश यू वेअर हिअर’ यांची २०११ च्या संचांत, ‘ॲटम हार्ट मदर’चे २०१६ मध्ये. ब्रिटनमधील डटन व्होकॅलियन आणि अमेरिकेतील ऱ्हायनो यांनी या कामाला नियमितपणा आणला.

मग तबकडीचे प्रयोजन उरले काय? जेथे मूळ फितीवरून केलेली आवृत्ती उपलब्ध आहे तेथे, मार्गांची विलगता हा निकष असेल तर, उरले नाही, असेच प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. फितीवरचे चार मार्ग खाचेच्या दिव्यातून गेलेलेच नसतात. ‘जर्नी’तील गायकवृंद मागे राहतो तो खरोखर मागेच राहतो. पण दोन अपवाद मला ठळकपणे नोंदवावेसे वाटतात. पहिला, सर्व कृती फितीवरून अद्याप बाहेर आलेल्या नाहीत, आणि त्या ज्यांच्या दफ्तरांत आहेत त्यांना त्या काढण्याची निकड वाटेलच असे नाही. अशा कृतींच्या बाबतीत खाच हाच एकमेव उपलब्ध दस्तऐवज आहे. दुसरा, एसक्यूसाठी मिश्रण करणारे अभियंते बऱ्याचदा त्या पद्धतीच्या खोडी ओळखून काम करीत. मागचे मार्ग पाझरणारच हे जाणून त्यांनी वाद्यांची जागा ठरवली. तेच मिश्रण फितीवरून पूर्ण विलग ऐकले तर पुष्कळदा चार कोपऱ्यांत चार तुकडे पडल्यासारखे होते, आणि चांगल्या डिकोडरातून तबकडी ऐकली तर तेच तुकडे जरा सांधतात. तेव्हा मिश्रणकाराने स्वतः कानांनी तपासलेला पाठ कोणता, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कृतीगणिक निराळे द्यावे लागते.

ज्याला हा पाठ खाचेतूनच ऐकायचा आहे त्याने मॅट्रिक्स तबकड्यांपासून आरंभ करावा. त्या साध्या सुईने वाजवल्या गेल्या असल्या तरी त्यांतील दिशांची खूण ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच असल्यामुळे ती सहसा शाबूत असते. ऑस्ट्रेलियातील इन्व्हॉल्व्ह ऑडिओचा सराउंड मास्टर हा आजचा डिकोडर एसक्यू आणि क्यूएस दोहोंचा निवाडा मूळ काळातील बहुतेक यंत्रांपेक्षा स्वच्छ करतो. मात्र कार्ट्रिज टोनआर्मवर काटेकोर उभे बसलेले असावे, कारण ते तिरपे असेल तर दोन भिंती एकमेकींत मिसळतात आणि डिकोडराला कलांतराची खूण चुकीची पोहोचते. या एका बाबीकडे दुर्लक्ष झाल्याने कित्येक चांगल्या तबकड्यांना नाहक दोष लागला आहे. सीडी-४ च्या वाटेस जाणाऱ्याने जुनी तबकडी विकत घेण्यापूर्वी प्रत्येक बाजूचा शेवटचा भाग डिमॉड्युलेटरातून ऐकून पाहावा. तेथे वाहक शाबूत असेल तर ती तबकडी पूर्वी साध्या सुईखाली फारशी गेलेली नाही असे समजावे. नसेल तर समोरच्या आणि मागच्या, चारही स्पीकरांतून खरखर येईल.